९ कोटी ७५ लाख पौंड आणि सात स्पर्श: रोमेलू लुकाकूचं चेल्सी प्रकरण

१९ फेब्रुवारी २०२२, शनिवार. दक्षिण लंडनमधलं सेल्हर्स्ट पार्क. क्रिस्टल पॅलेसविरुद्ध चेल्सीचा स्ट्रायकर रोमेलू लुकाकू पूर्ण नव्वद मिनिटं मैदानावर होता. त्याला दुखापत झाली नाही, कार्ड मिळून तो बाहेर गेला नाही, की कुणी त्याच्या जागी आलं नाही. सामना संपला, आकडेवारी आली आणि कळलं की या सगळ्या वेळात त्याचा चेंडूला सात वेळा स्पर्श झाला. त्यातला एक तर किक-ऑफचा, जो कुणाला ना कुणाला घ्यावाच लागतो. प्रीमियर लीगमध्ये ही मोजदाद २००३-०४ च्या मोसमापासून होते आहे. तेव्हापासून पूर्ण सामना खेळलेल्या एकाही खेळाडूच्या वाट्याला इतका कमी चेंडू आला नव्हता.

गंमत म्हणजे चेल्सी तो सामना १-० ने जिंकली. ८९व्या मिनिटाला मार्कोस अलोन्सोच्या क्रॉसवर हकीम झियेशने गोल मारला. म्हणजे स्ट्रायकरवाचून संघाचं काही अडलंही नाही, आणि खरं तर हेच जास्त बोचणारं होतं. आठवडाभर आधी, १२ फेब्रुवारीला, अबू धाबीत क्लब वर्ल्ड कपच्या अंतिम सामन्यात याच लुकाकूने पाल्मेइरासविरुद्ध हेडरवर गोल केला होता. सहा महिन्यांपूर्वी इटलीतल्या इंटर मिलानकडून त्याला घ्यायला चेल्सीने ९ कोटी ७५ लाख पौंड मोजले होते. क्लबने तोवर कुणावरही एवढी रक्कम लावली नव्हती. सात स्पर्शांवरून थट्टेला ऊत आला. प्रशिक्षक थॉमस टुखेलने ही त्याची टिंगल करायची वेळ नाही असं बजावलं, पण आकडे समोर आहेत आणि तो आमच्या खेळात नव्हता, हेही कबूल केलं.

का नव्हता? तेव्हापासून तीन उत्तरं फिरत आली आहेत. पहिलं, लुकाकू मुळातच मोठ्या क्लबच्या लायकीचा नाही, इटलीत बचाव ढिला म्हणून त्याचं फावलं. दुसरं, टुखेलला स्ट्रायकर वापरताच येत नाही. तिसरं, त्याचं शरीर लंडनला आलं आणि मन मिलानमध्येच राहिलं. यातलं पहिलं मला निव्वळ आळशीपणाचं वाटतं. उरलेल्या दोघांत तथ्य आहे. पण मूळ त्याच्याही मागे आहे. चेल्सीने या माणसाचे गोल मोजले आणि त्याची अंगकाठी पाहिली. तो गोल नेमका कुठून, कसा करतो हे पाहिलं नाही. नवल याचं की पुरावा गेली सात-आठ वर्षं सगळ्यांसमोर होता.

आधीचा प्रवास

लुकाकूचा जन्म १३ मे १९९३ चा, बेल्जियममधल्या अँटवर्पचा. वडील रॉजे हेही व्यावसायिक फुटबॉलपटू, झाईरकडून खेळलेले. त्यांची कारकीर्द उतरणीला लागली तशी घरात चणचण सुरू झाली. आई दुधात पाणी घालताना दिसली तो दिवस, आणि आपण एक दिवस अँडरलेख्टकडून खेळू हे त्याने आईला दिलेलं वचन, याबद्दल त्याने स्वतःच २०१८ च्या वर्ल्ड कपच्या सुमारास लिहिलं आहे. त्या गोष्टीवर पुष्कळ लिहून झालंय, म्हणून इथे थांबत नाही.

वचन त्याने पाळलं. १६ वर्षं ११ दिवसांचा असताना, मे २००९ मध्ये, तो अँडरलेख्टच्या पहिल्या संघाकडून उतरला. पुढच्या मोसमात शाळेत जाता जाता त्याने लीगमध्ये १५ गोल केले. अँडरलेख्ट विजेते ठरले आणि सर्वाधिक गोल या शाळकरी पोराचे होते. २०११ मध्ये चेल्सीने त्याला घेतलं. तिथे दिदिए द्रोग्बा होता, ज्याला तो देव मानायचा, आणि द्रोग्बा असताना अठरा वर्षांच्या मुलाला जागा मिळणार कुठून? मग लोनवर, म्हणजे ठरावीक काळापुरता उसना, वेस्ट ब्रॉमला. तिथे २०१२-१३ मध्ये लीगचे १७ गोल. शेवटचे तीन तर सर ॲलेक्स फर्ग्युसनच्या कारकिर्दीतल्या अखेरच्या सामन्यात, मँचेस्टर युनायटेडविरुद्ध, हाफटाइमनंतर मैदानात येऊन. सामना ५-५ असा सुटला. त्यानंतर एव्हर्टन, आधी लोनवर, मग २०१४ मध्ये २ कोटी ८० लाख पौंडांना कायमचा. २०१६-१७ मध्ये एव्हर्टनसाठी लीगमध्ये २५ गोल झाले आणि २०१७ च्या उन्हाळ्यात त्याच्यासाठी रस्सीखेच सुरू झाली. चेल्सीचा तेव्हाचा प्रशिक्षक अंतोनियो कॉन्तेला तो हवा होता. मँचेस्टर युनायटेडने साडेसात कोटी पौंड टाकून त्याला नेलं, चेल्सीला आल्व्हारो मोराटावर समाधान मानावं लागलं, आणि कॉन्ते हे विसरला नाही.

युनायटेडमध्ये दोन मोसमांत ९६ सामने, ४२ गोल. आकडा वाईट नाही. पण चित्र काय होतं? जोझे मोरिन्योचा संघ मागे बसायचा, चेंडू लांब फेकला जायचा, आणि लुकाकूने गोलकडे पाठ करून तो छातीवर झेलायचा, धरून ठेवायचा, कुणी पोहोचेपर्यंत धक्के खायचे. थोडक्यात, भिंतीसारखं उभं राहायचं. २०१८ च्या वर्ल्ड कपनंतर तो अंगाने आणखी भरला आणि त्यामुळे जडही झाला; नंतर त्याने स्वतःच सांगितलं की प्रीमियर लीगला इतके स्नायू चालत नाहीत. ओले गुन्नार सोल्शायर आल्यावर मार्कस रॅशफर्डला पसंती मिळाली. पॅरिसमध्ये पीएसजीविरुद्ध मार्च २०१९ मध्ये दोन गोल करून त्याने युनायटेडला अशक्य वाटणारा टप्पा पार करून दिला, तरी त्या उन्हाळ्यात त्याला रोखायला कुणी फारसं उत्सुक नव्हतं.

पुरावा कुठे होता

६ एप्रिल २०१४, गुडिसन पार्क, एव्हर्टन विरुद्ध आर्सेनल. एव्हर्टनचा प्रशिक्षक रॉबेर्तो मार्तिनेसने वीस वर्षांच्या लुकाकूला मधून काढून उजव्या बाजूला ठेवलं आणि मध्ये स्टीव्हन नेस्मिथला घातलं. कागदावर हा वेडेपणाच. पण लुकाकू डावखुरा. उजवीकडे चेंडू मिळाला की तो आत वळतो, समोरच्या बचावपटूला वेग आणि वजन दोन्हींचा मुकाबला करावा लागतो, आणि शेवटी डाव्या पायाचा फटका बसतो. त्या दिवशीचा त्याचा गोल हुबेहूब असाच. एव्हर्टन ३-० ने जिंकली.

चार वर्षांनी वर्ल्ड कपची उपांत्यपूर्व फेरी, बेल्जियम विरुद्ध ब्राझील. बेल्जियमचा प्रशिक्षक कोण, तर तोच मार्तिनेस. त्याने पुन्हा लुकाकूला उजवीकडे ढकललं आणि केव्हिन डी ब्राउनला मध्ये आणलं. लुकाकू स्वतःच्या अर्ध्यातून चेंडू घेऊन निघाला, दोघातिघांना मागे टाकत ब्राझीलच्या बचावाच्या काळजात शिरला आणि डी ब्राउनला चेंडू सोपवला. त्याने जाळ्यात मारला. त्याच स्पर्धेत जपानविरुद्ध, ९४व्या मिनिटाला, डावीकडे नासेर शाद्लीकडे जाणारा चेंडू लुकाकूच्या पायाशी आला तेव्हा त्याने त्याला हातही, म्हणजे पायही, लावला नाही. पायांमधून जाऊ दिला. बचावपटू त्याच्याकडे खेचले गेले होते, शाद्ली मोकळा होता. बेल्जियम ३-२ ने जिंकलं.

हा खेळाडू मुळात धावणारा आहे. समोर मोकळी जागा असेल, तोंड गोलकडे असेल आणि शक्यतो उजव्या बाजूने सुरुवात असेल, तर युरोपात त्याला अडवणारे थोडेच. चेंडू धरून ठेवणं त्याला जमतं, पण ते त्याचं पहिलं काम नव्हे. त्यानेही अनेकदा सांगितलं आहे की मला टार्गेट मॅन, म्हणजे पुढे उभा राहून लांब चेंडू झेलणारा, म्हणून पाहू नका. मग दरवेळी त्याच्याकडे तेवढंच का पाहिलं गेलं?

याला एक अप्रिय बाजू आहे. सहा फूट तीन इंचांचा काळा स्ट्रायकर म्हटला की समालोचक 'ताकद' म्हणतात, आणि गोरा खेळाडू असला की 'जाण'. लुकाकूच्या डोक्यावर हा शिक्का पहिल्यापासून बसला. २०१७ मध्ये युनायटेडच्या चाहत्यांनीच त्याच्यावर रचलेलं एक गाणं इतकं हीन होतं की ते थांबवा असं त्याला जाहीरपणे सांगावं लागलं. इटलीत तर सप्टेंबर २०१९ मध्ये काल्यारीत पेनल्टी घेताना प्रेक्षकांतून माकडाचे आवाज काढले गेले, आणि इंटरच्याच कट्टर चाहत्यांच्या गटाने पत्रक काढून त्याला समजावलं की हा वंशद्वेष नव्हे, प्रतिस्पर्ध्याला बिचकवायची रीत आहे. मैदानाबाहेरची ही वागणूक आणि मैदानातली त्याची नेमून दिलेली जागा, दोन्हींचा उगम एकच असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण माणसाकडे पाहताना आधी देह दिसतो आणि खेळ नंतर, हे दोन्हीकडे सारखंच.

कॉन्तेने काय केलं

ऑगस्ट २०१९ मध्ये कॉन्ते इंटर मिलानला होता आणि त्याला हवा असलेला माणूस दोन वर्षं उशिरा का होईना मिळाला. इंटरने तोवर घेतलेला सर्वांत महाग खेळाडू. आधी त्याचं वजन उतरवलं गेलं, आहार बदलला गेला. मग कॉन्तेची ती प्रसिद्ध घोकंपट्टी: समोर प्रतिस्पर्धी नसताना त्याच त्या हालचाली, चेंडू इकडून आला की तू तिकडे, तो तिसरीकडे, पुन्हा पुन्हा, अंगवळणी पडेपर्यंत.

रचना ३-५-२, म्हणजे मागे तीन, मध्ये पाच, पुढे दोन. मागच्या तिघांपैकी बास्तोनी किंवा मधला ब्रोझोविच जमिनीलगत जोरदार पास थेट लुकाकूकडे मारणार. लुकाकू गोलकडे पाठ करूनच उभा, म्हणजे वरकरणी पुन्हा तेच काम. पण इथे दोन गोष्टी वेगळ्या होत्या. एक म्हणजे लाउतारो मार्तिनेस. लुकाकूकडे चेंडू पोहोचायच्या आतच तो बाजूने पळत सुटलेला असायचा, त्यामुळे मागच्या बचावपटूला लुकाकूला चिकटावं की लाउतारोमागे धावावं हे ठरवायला अर्धा सेकंद लागायचा. तेवढ्यात लुकाकू त्याच्या अंगावर रेलून, चेंडू पायाखालून सरकवत, उजवीकडे गरकन वळलेला. दुसरी गोष्ट म्हणजे जागा. २०२०-२१ च्या मोसमात कॉन्तेने संघ बराच मागे ओढला, इतका की इटलीतल्या जाणकारांनी नाकं मुरडली. प्रतिस्पर्धी पुढे चढायचे आणि त्यांच्या पाठीमागे चाळीस-पन्नास यार्डांचं रान मोकळं पडायचं. लुकाकूला तेच तर हवं होतं. बाहेरून अशरफ हकीमी, आतून निकोलो बारेला. उजवी बाजू वाहती असायची.

२१ फेब्रुवारी २०२१ ची मिलान डर्बी, म्हणजे इंटर विरुद्ध एसी मिलान, पाहा. सात स्पर्शांच्या सामन्याच्या आधी एक वर्ष, दोन दिवस कमी. पाचव्या मिनिटाला लुकाकू उजवीकडून बचावपटू रोमान्योलीला मागे टाकून क्रॉस देतो, लाउतारोचा हेडर, गोल. आणि ६६व्या मिनिटाला तिसरा गोल: लुकाकू मैदानाच्या मध्याजवळ चेंडू घेतो आणि सरळ निघतो. रोमान्योली बाजूने पळतो आहे, पण त्याला अंगाला अंग भिडवायचंही धाडस होत नाही. पेटीच्या कडेला पोहोचल्यावर डाव्या पायाचा सणसणीत खालचा फटका, आणि गोलरक्षक डोनारुमा पाहत राहतो. इंटर ३-०. या धावेला सुरू व्हायलाच निम्मं मैदान लागतं. ते नसेल तर ही धाव नाही, आणि ही धाव नसेल तर हा लुकाकू नाही.

त्या मोसमात लीगमध्ये त्याचे २४ गोल, लाउतारोचे १७. इंटरने अकरा वर्षांनी स्कुदेत्तो, म्हणजे इटलीचं विजेतेपद, जिंकलं आणि युव्हेंटसची सलग नऊ विजेतेपदांची मालिका तुटली. लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून लुकाकूचीच निवड झाली.

त्याच वेळी इंटरचे चिनी मालक सुनिंग आर्थिक अडचणीत रुतत चालले होते. मे अखेर कॉन्ते बाहेर पडला. हकीमीला पीएसजीला विकलं. ऑगस्टमध्ये लुकाकूचा नंबर लागला.

चेल्सीला काय हवं होतं

मे २०२१ मध्ये टुखेलची चेल्सी मँचेस्टर सिटीला १-० ने हरवून युरोपची विजेती झाली होती. बचाव अभेद्य, मिडफिल्ड दमदार, फक्त संधी वाया जायच्या. टिमो वेर्नरचे चुकलेले फटके सगळ्या लंडनच्या तोंडी होते. तेव्हा निष्कर्ष सोपा वाटला: सगळं आहे, शेवटचा पाय हवा. वर्षाला पंचवीस-तीस गोल देणारा आणून बसवला की काम झालं. वरून तो क्लबचा जुना मुलगा, आता घरी परततोय. २२ ऑगस्टला आर्सेनलच्या मैदानावर पदार्पणात पंधराव्या मिनिटाला रीस जेम्सच्या पासवर गोल झाला तेव्हा तर हा सौदा स्वस्तच वाटला.

तो सामना फसवा होता. आर्सेनल पुढे येऊन खेळली, बचाव कच्चा होता, त्यामुळे मागे जागा पडली. ११ सप्टेंबरला ॲस्टन व्हिलाविरुद्धचा पहिला गोलही तसाच: कोवाचिचचा बचाव चिरणारा पास, लुकाकू धावत, आत वळून डाव्या पायाने. पण युरोपच्या विजेत्यासमोर दर आठवड्याला कोण पुढे येऊन खेळणार? बहुतेक संघ आपल्या पेटीजवळ दहा जण उभे करायचे. चेल्सीकडे चेंडू सत्तर टक्के वेळ, आणि लुकाकूच्या समोर जागा दहा यार्ड.

टुखेलची रचना ३-४-२-१. पुढे एकटा स्ट्रायकर, त्याच्या मागे दोघे: कधी मेसन माउंट, कधी काय हावर्ट्झ, कधी झियेश किंवा पुलिसिक. हे दोघे नेमके ज्या आतल्या उजव्या पट्ट्यात घोटाळायचे, तोच लुकाकूचा वळण्याचा पट्टा. म्हणजे त्याची आवडती जागा सहकाऱ्यानेच अडवलेली. लाउतारोसारखं खांद्याला खांदा लावून पळणारं कुणी नव्हतं. स्ट्रायकरने सेंटर-बॅकना गुंतवून ठेवावं, जागा इतरांनी वापरावी, आणि चेंडू गेला की सगळ्यांत आधी त्यानेच दाबायला धावावं, असं टुखेलचं गणित. त्या गणितात हावर्ट्झ बसत होता. त्यात नोव्हेंबरमध्ये बेन चिलवेलचा गुडघा गेला, डिसेंबरच्या शेवटी रीस जेम्सची मांडी धरली. दोन्ही बाजूंनी क्रॉस देणारे विंगबॅक एकदमच गेले. लुकाकूचाही ऑक्टोबरमध्ये घोटा दुखावला आणि डिसेंबरमध्ये कोविड झाला.

सप्टेंबरच्या त्या दोन गोलांनंतर लीगमधला पुढचा गोल थेट २६ डिसेंबरला, पुन्हा व्हिलाविरुद्धच, बदली म्हणून येऊन. २९ ला ब्रायटनविरुद्ध आणखी एक. गाडी रुळावर येते आहे असं वाटत असतानाच ३० डिसेंबरला स्काय इटालियाने त्याची मुलाखत दाखवली. ती काही आठवडे आधी घेतलेली होती. परिस्थितीवर मी खूश नाही, प्रशिक्षकाने वेगळी रचना निवडली आहे, आणि मला इंटरला परतायचं आहे, तेही उतारवयात नाही तर चांगला खेळत असताना, असा तिचा आशय. तिथून येऊन सहा महिनेही झालेले नसताना! २ जानेवारीला लिव्हरपूलविरुद्धच्या सामन्यातून टुखेलने त्याला संघाबाहेरच ठेवलं. मग माफीचा व्हिडिओ आला.

इथे त्याची बाजू घेणं कठीण आहे. रचनेबद्दलचं त्याचं म्हणणं फुटबॉलच्या दृष्टीने खरं होतं. सहा महिने जे दिसत होतं तेच तो बोलला. पण ते ड्रेसिंग रूममध्ये टुखेलच्या समोर बोलायचं की मिलानच्या कॅमेऱ्यासमोर? आणि स्टॅमफर्ड ब्रिजवरच्या प्रेक्षकाने इंटरचं प्रेमपत्र का ऐकून घ्यावं? या एका मुलाखतीने टुखेलला एक सोय करून दिली: आता त्याला न खेळवण्यासाठी डावपेचांचं कारण देण्याची गरज उरली नाही.

पुढे सेल्हर्स्ट पार्क झालं. आठवडाभराने लीग कपच्या अंतिम सामन्यात लिव्हरपूलविरुद्ध बदली म्हणून येऊन त्याने गोल केला तो ऑफसाइड ठरला. पेनल्टी शूटआउटमध्ये त्याने आपली पेनल्टी मारली, चेल्सी ११-१० ने हरली. मार्चमध्ये मालक रोमान अब्रामोविचवर ब्रिटिश सरकारचे निर्बंध आले आणि एका स्ट्रायकरची नाराजी क्लबच्या अडचणींच्या यादीत पार खाली गेली. मोसमाअखेर लीगचे ८ गोल, सगळे मिळून १५. तरीही त्या मोसमात चेल्सीचे सर्वाधिक गोल त्याचेच होते, हे थट्टा करणारे सहसा सांगत नाहीत.

घरी परतल्यावर

मनाचं उत्तर, म्हणजे तो मिलानसाठी झुरत होता हे, एवढंच खरं असतं तर जून २०२२ मध्ये लोनवर इंटरला परतल्यावर सगळं सुरळीत व्हायला हवं होतं. तोच क्लब, तोच लाउतारो, सिमोने इंझागीची रचनाही ३-५-२ च. झालं काय? मांडीच्या दुखापतीने अर्धा मोसम खाल्ला. डिसेंबरमध्ये कतारच्या वर्ल्ड कपमध्ये क्रोएशियाविरुद्ध, पुरेसा बरा नसताना हाफटाइमला उतरून, त्याने अशा संधी दवडल्या की सामना संपल्यावर डगआउटच्या काचेवर मूठ मारली. लीगमध्ये १० गोल झाले, त्यातले बरेचसे शेवटच्या दोन महिन्यांत. १० जून २०२३ ला इस्तंबूलमध्ये चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात एडिन झेको सुरुवातीपासून खेळला, लुकाकू ५७व्या मिनिटाला आला. फेदेरिको दिमार्कोचा गोलकडे निघालेला हेडर त्याच्याच पायावर आदळला. मग ८८व्या मिनिटाच्या आसपास, चार-पाच यार्डांवरून, त्याचा स्वतःचा हेडर थेट मँचेस्टर सिटीचा गोलरक्षक एदेर्सनवर गेला. सिटी १-० ने जिंकली.

रचनेचा आकडा तोच असून उपयोग नव्हता. इंझागीच्या संघात चेंडू मिडफिल्डमधून हळूहळू विणला जायचा, आणि शरीर तर तेव्हाचं नव्हतंच. मी आधी जे मांडलं त्याला ही खरी मर्यादा आहे: योग्य जागा दिली की लुकाकू आपोआप चालतो असं नाही. जागा हवी, तिच्यात धावणारं शरीरही हवं, आणि तुमच्याकडेच चेंडू आधी द्यायचा असं ठरवणारा प्रशिक्षकही.

त्या उन्हाळ्यात इंटर त्याला कायमचा घ्यायला निघाली असताना तो युव्हेंटसशीही बोलतोय हे कळलं. इंटरने फोन ठेवून दिला. ज्या क्लबसाठी त्याने लंडनमध्ये सगळ्यांना दुखावलं, त्याच क्लबला त्याने दुखावलं. याला सल्लागारांकडे बोट दाखवून चालणार नाही. ऑगस्टच्या अखेरीस तो लोनवर रोमाला गेला, पुन्हा मोरिन्योकडे. क्लबचे मालक डॅन फ्रीडकिन यांनी स्वतः विमान चालवत त्याला आणलं, विमानतळावर हजारोंची गर्दी. लीगचे १३, एकूण २१ गोल. वाईट नाही, ग्रेटही नाही. ऑक्टोबरमध्ये सान सिरोवर गेला तेव्हा इंटरच्या प्रेक्षकांनी प्रत्येक स्पर्शाला शिट्ट्या घातल्या.

तीस दशलक्षांचा लुकाकू

ऑगस्ट २०२४. कॉन्ते आता नापोलीत. आदल्या मोसमात दहाव्या क्रमांकावर घसरलेला संघ, आणि कॉन्तेची पहिली मागणी तीच. चेल्सीने सुमारे ३ कोटी युरोंना सोडला. त्याचं वय ३१, आणि मिलान डर्बीतली ती निम्म्या मैदानाची धाव आता दर आठवड्याला निघणार नाही हे उघड होतं. कॉन्तेने त्याच्याभोवती वेगळी माणसं पळवली. स्कॉट मॅकटॉमिने मिडफिल्डमधून उशिरा पेटीत घुसायचा, आणि लुकाकू बचावपटूला बांधून ठेवून त्याच्यासाठी दार उघडायचा. लीगमध्ये १४ गोल आणि १० असिस्ट. पाहायला गेलं तर हेच ते गोलकडे पाठ करून करायचं काम, ज्याला तो युनायटेडमध्ये कंटाळला होता. फरक इतकाच की आता त्याने वळवलेला चेंडू घ्यायला माणूस वेळेवर हजर असायचा. सर्वोत्तम खेळाडूचा मान मॅकटॉमिनेला मिळाला. त्यात लुकाकूच्या पाठीचा वाटा किती, हे नेपल्समध्ये कुणालाही विचारा.

२३ मे २०२५, शेवटचा सामना, काल्यारीविरुद्ध. इंटर एकाच गुणाने मागे. पहिल्या हाफमध्ये मॅकटॉमिनेचा गोल. मग ५१व्या मिनिटाला मागून लांब चेंडू आला. लुकाकूने बचावपटूंना रेटत तो घेतला, आणि एकदाचं तोंड गोलकडे, समोर मोकळं मैदान. धावत जाऊन त्याने तो जाळ्यात घातला. २-०. नापोली ८२, इंटर ८१.

चेल्सीचा हिशेबही एव्हाना मिटला होता. खेळाडूची किंमत क्लब कराराच्या वर्षांत विभागून खर्ची टाकतात. पाच वर्षांचा करार, म्हणजे वर्षाला १ कोटी ९५ लाख पौंड. तीन वर्षांनी विकला तेव्हा वहीत अजून ३ कोटी ९० लाख शिल्लक होते, आणि हाती आले अडीच कोटींच्या आसपास. लोनच्या दोन वर्षांत पगाराचा किती भार कुणी उचलला, ते यात धरलेलं नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये ऑलिंपियाकोसविरुद्धच्या सराव सामन्यात लुकाकूची मांडी फाटली आणि तो काही महिन्यांसाठी बाहेर गेला. नापोलीला घाईने दुसरा स्ट्रायकर हवा होता. त्यांनी मँचेस्टर युनायटेडकडून लोनवर रासमुस होइलुंडला आणलं: उंच, डावखुरा, वेगवान, २०२३ मध्ये मोठी रक्कम मोजून घेतलेला, आणि दोन मोसम चेंडूची वाट पाहत उभा राहून इंग्लंडमध्ये हसण्यावारी गेलेला. १३ सप्टेंबरला फिओरेंतिनाविरुद्ध नापोलीकडून पहिल्याच सामन्यात त्याने गोल केला.